संकल्पाचे पान: मिश्रमाध्यमातील आर्ट जर्नलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकल्पाचे पान म्हणजे नेमके काय?

आर्ट जर्नल म्हणजे रंग, चिकटकाम, छायाचित्रे, कापड आणि लेखन यांना एकाच पानावर जागा देणारी वही. एकाच पृष्ठभागावर निरनिराळी माध्यमे येतात, म्हणून या कामाला मिश्रमाध्यम म्हणतात. पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी १९१२ साली चित्रात मेणकापड आणि छापील कागद चिकटवण्यास सुरुवात केली, तेव्हापासून ही पद्धत आधुनिक चित्रकलेत रुजली. आपल्याकडे मात्र बारशाच्या आमंत्रणापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सारे काही वहीत चिकटवून ठेवणारी माणसे कोणत्याही कलाशिक्षणाविना हेच करीत आली आहेत.

संकल्पाचे पान हा या वहीतील एक विशिष्ट प्रकार आहे. रोजनिशीत घडून गेलेले लिहिले जाते. हे पान घडण्यापूर्वी तयार होते आणि नंतर दिवसागणिक भरत जाते. त्यामुळे ते पहिल्या बैठकीत पूर्ण झाले, तर ते चुकले असे समजावे. सुंदर पार्श्वभूमी, मधोमध एक प्रेरणादायी वाक्य आणि कडेला फुलपाखरे अशी पाने पुष्कळ दिसतात. ती नेत्रसुखद असतात, परंतु त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी करण्यासारखे काहीच उरलेले नसते.

संकल्प कोणत्या शब्दांत लिहावा?

येथे घाई करू नये, कारण पानाची सारी रचना या एका वाक्यावर उभी राहते. पूजेच्या आरंभी यजमान तळहातावर पाणी घेऊन जो संकल्प उच्चारतात, त्याची बांधणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे स्थळ, मग शालिवाहन शकाचे वर्ष, मास, पक्ष, तिथी आणि वार, मग करणाऱ्याचे नाव व गोत्र, आणि शेवटी आपण काय करणार आहोत ते. एवढे झाल्यावरच ताम्हनात पाणी सोडले जाते. कोण, कुठे, केव्हा आणि काय, यांपैकी एकही गोष्ट अध्याहृत ठेवलेली नसते.

मानसशास्त्रातही याला आधार आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडलेल्या विवेचनानुसार, ‘मी अमुक करीन’ एवढ्या इच्छेपेक्षा ‘अमुक प्रसंग आला, की मी अमुक करीन’ अशा स्वरूपाची योजना प्रत्यक्ष कृतीत उतरण्याची शक्यता अधिक असते, कारण कृती कधी करायची हा निर्णय आधीच झालेला असतो. या प्रश्नोत्तरांत आपण एकच उदाहरण पुढे नेऊ. ‘वडिलांना वेळ देणार’ हा मनोदय झाला. ‘रात्रीच्या जेवणाची ताटे उचलली, की मी बाबांबरोबर सोसायटीच्या आवारात वीस मिनिटे चालेन’ हा संकल्प झाला. दुसऱ्या वाक्यात ताटे आहेत, आवार आहे, घड्याळ आहे आणि बाबाही आहेत. म्हणजे पानावर काय यावे, हेही त्याच वाक्याने सांगितले आहे.

एका पानावर अनेक संकल्प घेता येतील का?

घेऊ नयेत. लवकर उठणे, साखर कमी करणे आणि इंग्रजी सुधारणे हे तिन्ही एकाच पानावर आले, की ते पान यादी होते आणि यादीसाठी रंगांची आवश्यकता नसते.

संकल्प किती दिवसांचा असावा?

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, परंतु त्यावर पानाची आखणी करू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी साधी कृती अंगवळणी पडण्यास लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला दिसला आणि मधला आकडा ६६ दिवसांच्या आसपास होता. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यावर लक्षणीय परिणाम होत नाही, हेही त्याच अभ्यासातून दिसले.

आपल्याकडील चातुर्मासाची मुदत या दृष्टीने सोयीची आहे. आषाढी एकादशीला नेम धरायचा आणि कार्तिकी एकादशीला सोडायचा, असे चार महिने आधीच ठरलेले असतात. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून, म्हणजे भरपूर कांदाभजी खाऊन, मग कांदा वर्ज्य करण्याची प्रथा तर माणसाचा स्वभाव ओळखूनच पडली असावी. धार्मिक नेम धरायचा नसला, तरी नेमाला आरंभ असावा आणि शेवटही असावा, ही रीत उचलण्यासारखी आहे. ‘आयुष्यभर’ अशी मुदत पानावर लिहू नये. तिची नोंद ठेवता येत नाही.

मला चित्रकला येत नाही. तरीही हे जमेल का?

जमेल. या पानावर रेखाटनाचा वाटा थोडा असतो. जुन्या एटीएम कार्डाने रंग ओढणे, भेंडी किंवा कांद्याचा काप रंगात बुडवून ठसे उमटवणे, गोणपाटाचा तुकडा ओल्या रंगावर दाबून त्याचा पोत घेणे, कागद फाडून चिकटवणे ही सारी कामे शाळकरी मुलेही करतात. कागद कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडला, तर कडेला पांढरी किनार राहते आणि तुकडा पार्श्वभूमीत सहज मिसळतो. माणसाची आकृती हवीच असेल, तर स्वतः काढलेल्या छायाचित्राची झेरॉक्स घेऊन तिच्यावर रंग चढवावा. आपल्या उदाहरणात बाबांचा चेहरा काढण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या चपलेचा तळ रंगात बुडवून घेतलेला ठसा पुरेसा बोलका होईल, अर्थात त्यांची परवानगी घेऊन.

वही आणि कागद कसा घ्यावा?

शाळेच्या नेहमीच्या वहीचा कागद साधारण ६० ते ७० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असतो. पाणी लागताच तो वळतो, गोंद लागताच सुरकुततो. मिश्रमाध्यमासाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद उत्तम; २०० जीएसएमपर्यंत काम निभावते. पातळ कागदाची वहीच वापरायची असेल, तर लागोपाठची दोन पाने एकमेकांना चिकटवून एक जाड पान करावे आणि प्रत्येक दोन कामाच्या पानांमागे एक पान कापून काढावे, म्हणजे चिकटकामामुळे वही फुगून तिचा कणा फाटणार नाही.

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. जुन्नरचा कागद दफ्तरासाठी नावाजलेला होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले आहे, आणि पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद टिकाऊ असतो आणि त्याचा खरखरीत पोत या कामाला शोभतो; परंतु त्यावर पुरेसे पांजण, म्हणजे शोषण रोखणारा लेप, नसेल, तर तो टिपकागदासारखा रंग शोषून घेतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब क्षणभर उभा राहिला, तर कागद चालेल. लगेच पसरला, तर आधी अस्तर द्यावे.

किमान साहित्य किती लागते?

पांढरा, काळा आणि आणखी दोन ॲक्रिलिक रंग, एक चपटा ब्रश, पांढरा गोंद, काळी जलरोधक शाई, मास्किंग टेप आणि घरातील रद्दी. एवढ्यावर पहिले पान होते. महागड्या स्टेन्सिल, छापील चिठ्ठ्या आणि सजावटीच्या चिकटपट्ट्यांचे संच सुरुवातीला घेऊ नयेत. त्यांच्यामुळे पान दुसऱ्या कोणाचे तरी वाटू लागते, असा माझा अनुभव आहे. विकतच्या चिठ्ठ्यांवर संकल्पाची वाक्येही छापून येतात, आणि त्यांतील एकातही ताटे उचलण्याचा उल्लेख नसतो.

जेसो म्हणजे काय? तो लावलाच पाहिजे का?

जेसो हे रंगापूर्वी द्यायचे पांढरे अस्तर आहे. ॲक्रिलिकचा बंधक, खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हे त्याचे मुख्य घटक असतात. त्यामुळे कागद कमी शोषतो आणि वरच्या थरांना धरायला खरखरीतपणा मिळतो. एक जाड हात देण्याऐवजी दोन पातळ हात द्यावेत. पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. एका बाजूने अस्तर दिल्यावर कागद वळत असेल, तर मागील बाजूसही एक हात द्यावा.

जेसो नसल्यास पांढऱ्या ॲक्रिलिक रंगात थोडा पांढरा गोंद आणि चाळलेली रांगोळी मिसळावी. शिरगोळ्याची बारीक रांगोळी यासाठी चांगली. ती थोडी जास्त घातली, तर भिंतीच्या गिलाव्यासारखा पोत मिळतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस मात्र वापरू नये, कारण वही उघडताना आणि मिटताना पान वाकते आणि तो थर तडकतो.

थर कोणत्या क्रमाने द्यावेत?

बहुतेक पाने क्रम चुकल्याने बिघडतात, म्हणून कारणे समजून घेतलेली बरी. ॲक्रिलिक रंग सुकल्यावर पाण्यात विरघळत नाही. जलरंग आणि पोस्टर कलर पुन्हा ओले झाले, की सुटतात. तेलखडू आणि मेणखडू यांच्यावर पाण्याचे कोणतेही माध्यम धरत नाही. यावरून क्रम आपोआप ठरतो. आधी अस्तर, मग चिकटवायचे कागद, मग ॲक्रिलिक, त्यानंतर जलरंगाचे हलके हात, मग शाईतील अक्षरे आणि सर्वांत शेवटी तेलखडू. मेणखडू आधी लावून त्यावर जलरंग सोडला, तर मेणाची रेघ उघडी राहते. हा परिणाम हेतुपुरस्सर वापरता येतो, मात्र त्या जागी नंतर ॲक्रिलिक देऊ नये, तो पापुद्र्याने निघतो.

शाईपेनाची साधी शाई रंगाच्या ओल्या हाताखाली पसरते. इंकजेट प्रिंटरवरील छापही पसरतो. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटचा छाप पसरत नाही, म्हणून चिकटवण्यासाठी तोच घ्यावा. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा. कोकणात जुलै महिन्यात यासाठी अख्खी रात्र लागू शकते आणि त्यावर पंख्याखेरीज फारसा उपाय नाही.

चिकटवण्यासाठी काय वापरावे?

फेविकॉलसारखा पांढरा गोंद कागद, कापड आणि पातळ पुठ्ठा यांसाठी पुरतो. तो जुन्या कार्डाने पातळ पसरावा, तुकडा मधून कडेकडे दाबत हवा काढावी, वर बटर पेपर ठेवून त्यावर जड पुस्तके ठेवावीत. हाच गोंद पाण्यात कालवून संपूर्ण पानावर वरून चोपडण्याची सवय अनेकांना असते. ती टाळावी, कारण दमट हवेत तो थर चिकट होतो.

मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त आणि चांगली आहे. पातळ कागदावर तिच्याइतके सफाईदार काम गोंदाने होत नाही. तिचा दोष एकच, की तिच्यामागे कसर येते. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालीत असत, परंतु ते विषारी आहे आणि घरात, विशेषतः मुलांच्या हाती, देण्यासारखे नाही. खणाचा तुकडा, साडीचा काठ अशा जाड गोष्टी गोंदाबरोबर दोन-चार टाके घालूनही पक्क्या कराव्यात.

हळद, कुंकू, चहा यांचा रंग म्हणून उपयोग करता येतो का?

करता येतो, परंतु तो किती टिकेल ते जाणून करावा. हळदीचा पिवळा प्रकाशात भराभर उडतो, आणि चुना, सोडा किंवा साबण लागल्यास लाल होतो. पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होते. बाजारातील कुंकवात अनेकदा कृत्रिम रंग असतो आणि तो ओलाव्याने शेजारच्या पानावरही उतरतो. चहाचा डाग देखणा दिसतो, पण तो आम्लधर्मी असतो. याउलट गेरू हा लोहयुक्त मातीचा रंग आहे आणि काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. दोन्ही प्रकाशाला दाद देत नाहीत. गेरू गोंदाच्या पाण्यात कालवला, की उत्तम विटकरी रंग मिळतो. मुदतीचा संकल्प असल्यास हळदीचे फिकट होत जाणे एखाद्याला अर्थपूर्णही वाटेल. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

घरातील जुने कागद, तिकिटे आणि छायाचित्रे चिकटवावीत का?

मूळ प्रत कधीही चिकटवू नये. आजोबांचे पत्र, मोडीतील जमिनीचा कागद किंवा लग्नातले एकमेव छायाचित्र एकदा गोंद लागले, की परत मिळत नाही. त्याची लेझर प्रत काढावी आणि मूळ कागद जागेवर ठेवावा. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन असल्यामुळे तो पिवळा पडतो; त्यावर ॲक्रिलिकचा हात दिल्याने ही क्रिया थांबत नाही.

तिकिटांबाबत विशेष सावधगिरी हवी. एसटीच्या वाहकाकडील यंत्रातून येणारे तिकीट, दुकानाची पावती आणि एटीएमची चिठ्ठी हे उष्णतेने छापणारे कागद आहेत. त्यांवरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात आणि जवळ हेअर ड्रायर नेल्यास सारा कागद काळा पडतो. त्यांचीही झेरॉक्स काढावी. ज्या कागदाचा संकल्पाशी संबंध आहे, तोच पानावर घ्यावा; आपल्या उदाहरणात बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीची प्रत किंवा सोसायटीच्या आवाराचा हाताने काढलेला नकाशा योग्य ठरेल. परदेशी मासिकातील समुद्रकिनाऱ्यावर चालणारे जोडपे कितीही सुंदर छापलेले असले, तरी त्याचे येथे काम नाही.

लग्नपत्रिकेवरील गणपती किंवा देवीचे चित्र कापून वापरावे का?

हा प्रश्न अनेक जणी संकोचाने विचारतात. ज्या प्रतिमेवर कात्री चालवताना हात थबकतो, ती वापरू नये. पानापेक्षा मनाची स्वस्थता महत्त्वाची. पत्रिकेची महिरप, जरीचे छापकाम, अक्षता आणि कलश यांच्या आकृती पुष्कळदा पुरतात. प्रतिमा घेतलीच, तर तिच्यावर दुसरा थर येणार नाही आणि पान मिटल्यावर ती वहीच्या शिवणीत दुमडणार नाही, अशी जागा आधीच ठरवावी.

संकल्पाचे वाक्य देवनागरीत देखणे कसे उमटवावे?

प्रथम जागा मोजावी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार येतात. त्यामुळे दोन ओळींमधील अंतर रोमन अक्षरांपेक्षा अधिक लागते. वाक्य आधी साध्या कागदावर त्याच मापात लिहून पाहावे आणि ‘चालेन’ हा शब्द कडेला जाऊन चेपला जात नाही ना, ते तपासावे.

बोरू मिळाल्यास अवश्य वापरावा. त्याचे टोक तिरपे कापतात, त्यामुळे एकाच ओढीत जाड आणि बारीक रेघ येते. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून अक्षरांना जे मोकळे वळण दिले आहे, ते पाहिल्यास अक्षर हेच चित्राचा मुख्य विषय कसे होऊ शकते ते कळेल. बाजारातील स्टेन्सिल बहुतांशी रोमन अक्षरांचे असतात. देवनागरी स्टेन्सिल पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर कटरने घरीच कापावा लागतो. ‘क’, ‘ष’, ‘ण’ यांसारख्या अक्षरांतील बंदिस्त भाग निखळून पडू नयेत म्हणून तेथे अरुंद जोड ठेवावेत. खोडरबरावर ठसा कोरताना अक्षर उलटे कोरावे. जेल मीडियम, म्हणजे ॲक्रिलिकचा घट्ट पारदर्शक लेप, लावून झेरॉक्सवरील मजकूर पानावर उतरवण्याच्या पद्धतीतही छाप उलटा पडतो, म्हणून प्रत काढण्यापूर्वीच मजकूर आरशातल्यासारखा फिरवून घ्यावा.

रोजची नोंद पानावर कशी ठेवावी?

या पानाचा गाभा येथे आहे. पानाचा निदान एक तृतीयांश भाग अस्तर आणि फिकट रंग देऊन मोकळा सोडावा. त्या भागात दिवसाचे एक चिन्ह येईल. चिन्ह असे निवडावे, की ते करण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागू नये आणि त्यासाठी साहित्याचा पसारा काढावा लागू नये.

चित्र काढणे हाच नेम असण्याची रीत आपल्याकडे आहे. गोपद्म व्रतात स्त्रिया चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मे रांगोळीने काढतात. रामनामाच्या वह्या भरणाऱ्यांचेही तसेच. तेथे लिहिलेले प्रत्येक नाव हीच नोंद असते, आणि दुरून पाहिले असता त्या ओळींचा एक करडा पोत तयार झालेला दिसतो. हा पोत संकल्पाच्या पानासाठी उत्कृष्ट आहे. ‘चाललो’ एवढा एक शब्द रोज बारीक अक्षरात लिहीत गेले, तर दोन महिन्यांत त्यांची दाट पट्टी होते आणि तिच्यातील प्रत्येक दिवसाचे अक्षर थोडे वेगळे असते. थकलेल्या दिवसाचे वळणही त्यात ओळखू येते.

मला स्वतःला टाक्यांची नोंद सर्वाधिक आवडते. पानावर दाभणाने समान अंतरावर आधीच भोके पाडून ठेवावीत आणि नेम पाळलेल्या दिवशी गोधडीला घालतात तसा एक साधा धावदोरा घालावा. भोके आधी न पाडता सुई घुसवली, तर कागद फाटतो. दोरा मागील बाजूने दिसतो, म्हणून त्या पानाची पाठ वेगळ्या कामासाठी वापरू नये. ज्यांना सुईदोरा नको, त्यांनी बोटाचा ठसा, पंचिंग मशीनने काढलेली टिकली किंवा पेन्सिलची रेघ घ्यावी. चमकत्या गोल चिठ्ठ्यांपासून मात्र दूर राहावे. त्या संपतात आणि त्यांच्याबरोबर उत्साहही संपतो.

एखाद्या दिवशी नेम चुकला, तर पानावर काय करावे?

ती जागा रिकामी सोडावी आणि दुसऱ्या दिवसाची नोंद पुढच्या जागेवर करावी. चुकलेल्या दिवसावर लाल फुली मारू नये, ती जागा सुशोभित करून झाकूही नये आणि दोन दिवसांच्या नोंदी एकदम भरू नयेत. रिकाम्या जागा कोठे आल्या ते पाहून बरेच काही कळते. आपल्या उदाहरणात त्या सर्व शनिवारी येत असतील, तर शनिवारी जेवणाची वेळ बदलते एवढेच त्याचे कारण असू शकते. मग मूळ वाक्याशेजारी ‘शनिवारी चहानंतर’ अशी दुरुस्तीची पट्टी चिकटवावी. अशा दुरुस्त्या उघड दिसू द्याव्यात. सलग दोन आठवडे जागा रिकामी राहिली, तर संकल्पाचे वाक्यच पुन्हा लिहावे, आणि जुन्या वाक्यावर पातळ पांढरा हात असा द्यावा, की खालची अक्षरे पुसट का होईना दिसत राहतील.

एखादी गोष्ट सोडण्याचा संकल्प असेल, तर चित्र कशाचे घ्यावे?

सोडायच्या वस्तूचे घेऊ नये. मिशरीची डबी, तंबाखूची पुडी किंवा सिगारेटचे पाकीट पानावर चिकटवून त्यावर फुली मारणारे बरेच असतात. परंतु व्यसनाशी जोडलेली दृश्ये तलफ जागवतात, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. मिशरी लावण्याच्या वेळी आता काय करणार, ते लिहावे आणि त्याचेच चित्र घ्यावे. कडुनिंबाची काडी, बडीशेपेचे दाणे, दारापुढची रांगोळी, जे खरोखर करणार ते. व्यसन जुने असल्यास पानाबरोबर डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. वहीला तेवढे बळ नसते.

पान इतरांना दाखवावे का? खासगी मजकुराचे काय?

गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ‘मला अमुक व्हायचे आहे’ अशा प्रकारचा मनोदय दुसऱ्याने ऐकून त्याची दखल घेतली, तर माणूस त्यासाठी प्रत्यक्ष मेहनत कमी करतो. कौतुकातच थोडे समाधान मिळून जाते. त्यामुळे पहिल्याच दिवशी पानाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई नसावी. ज्याच्याशी संकल्पाचा संबंध आहे त्याला मात्र जरूर दाखवावे. बाबांना पान माहीत असेल, तर ते स्वतःच चप्पल घालून दारात उभे राहतील.

खासगी मजकुरासाठी पानात चोरकप्पा करता येतो. जाड कागदाचा तुकडा तीन कडांनी चिकटवून वरची कड मोकळी ठेवावी आणि आत घडी घातलेली चिठ्ठी सरकवावी. मजकूर कोणीच वाचू नये असे वाटत असल्यास तो अस्तरापूर्वी पेन्सिलने लिहून त्यावर जेसोचे दोन हात द्यावेत. स्केच पेन किंवा मार्करने लिहिल्यास त्याची शाई पांढऱ्या थरातून वर झिरपते आणि काही दिवसांनी सारे वाचता येऊ लागते.

मुदत संपल्यावर काय करावे?

व्रताचे उद्यापन करतात, तसा या पानाचाही शेवट ठरवून करावा. पाठीमागे आरंभाची आणि शेवटाची तारीख लिहावी, पाळलेल्या दिवसांची संख्या लिहावी आणि ज्याच्यासाठी हे केले त्याला पानावर दोन ओळी लिहू द्याव्यात. नेम पुढे चालू ठेवायचा असेल, तर नवे पान करावे. जुन्या पानावर मुदत वाढवीत गेल्यास नोंदीची जागा अपुरी पडते आणि मूळ आखणी कळेनाशी होते. मोकळ्या राहिलेल्या जागा नंतर रंगाने भरून टाकू नयेत.

पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात. उपाय काय?

ॲक्रिलिकचे दोन पृष्ठभाग दमट हवेत दाबले गेले, की चिकटतात. रंग पूर्ण सुकलेला असला, तरीही. प्रत्येक दोन रंगीत पानांमध्ये बटर पेपर घालावा आणि वही आडवी, इतर पुस्तकांच्या ढिगाखाली न ठेवता उभी ठेवावी. रंगवलेल्या भागावर मऊ फडक्याने टाल्कम पावडर अगदी हलकी फिरवल्यास चिकटपणा कमी होतो, परंतु टाके आणि शाईची अक्षरे असलेला भाग वगळावा. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. वही काही तास कोरड्या, गार खोलीत ठेवून मग पानांमध्ये पातळ सुरी किंवा दातांचा दोरा सावकाश सरकवावा. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्यास आतील ओलाव्याने बुरशी येते. त्यापेक्षा पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि पंधरा दिवसांनी एकदा डबा उघडावा. अर्थात संकल्पाची मुदत चालू असेल, तर वही डब्यात जाण्याचा प्रश्नच येत नाही. ती जेवणाच्या टेबलाजवळ, हाताला लागेल अशी, पेन्सिल किंवा सुईदोऱ्यासह ठेवावी.